अंटार्क्टिकातल्या तळाची हद्द कुठे संपते?

ध्रुवीय प्रदेशात शास्त्रज्ञांचं राहणं दोन तऱ्हांचं असतं. एक कायमचा तळ: आपले मैत्री आणि भारती, अमेरिकेचा मॅकमर्डो, रशियाचा व्होस्तोक. दुसरी उन्हाळ्यापुरती छावणी: हेलिकॉप्टरनं किंवा चाकांऐवजी स्की लावलेल्या लहान विमानानं सोडलेली पाच-सात माणसं, झोपायचे तंबू, स्वयंपाकाचा एक मोठा तंबू, स्नो-स्कूटर, जनरेटर, इंधनाची पिंपं आणि दीड-दोन महिन्यांचा शिधा. या छावणीचा तिथल्या निसर्गावर किती भार पडला हे नकाशावर दाखवायचं ठरवलं, की पहिलाच प्रश्न अडतो: रेघ कुठे मारायची? तंबूंच्या कडेनं मारली तर छावणी एखाद्या टू-बीएचके फ्लॅटएवढी भरते. स्नो-स्कूटरच्या वाटा धरल्या तर काही चौरस किलोमीटर. जनरेटरचा धूर जातो तिथवर मारली तर ती रेघ वाऱ्याच्या मर्जीवर. आणि ही माणसं इथवर आली त्या जहाजाचं आणि विमानाचं इंधन धरलं, तर नकाशाचा कागद थेट केप टाउनपर्यंत लांबवावा लागतो.

पर्यावरणीय ठशाचा नकाशा काढायचा तर या सगळ्या रेघा वेगवेगळ्या काढून एकावर एक ठेवाव्या लागतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक रेघेला वेगळं मोजमाप लागतं, आणि काही रेघा कुणालाच काढायच्या नसतात.

सगळ्यांना हवा असलेला खडक

अंटार्क्टिका हे आपल्या डोळ्यांसमोर अथांग पांढरं मैदान असतं, त्यामुळे तिथे चार इमारतींनी काय बिघडणार असं वाटणं साहजिक आहे. पण या खंडाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग बर्फाविना उघडा आहे. आणि नेमका तोच सगळ्यांना हवा असतो. अ‍ॅडेली पेंग्विनला घरट्यासाठी सुके खडे लागतात. शेवाळं आणि दगडफूल तिथेच रुजतं, तेही वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबानं. इंजिनिअरलाही पाया घालायला खडकच हवा, कारण बर्फावर बांधलेलं घर सरकतं, बुडतं, चिरडतं. त्यातून तो खडक किनाऱ्याजवळ असला तर जहाजातून माल उतरवणं सोपं.

टास्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१९ मध्ये यावर एक मोजणी प्रसिद्ध झाली. त्यांनी उपग्रहचित्रं घेऊन अंटार्क्टिकातले तळ, झोपड्या, धावपट्ट्या एक-एक करून आखून काढल्या. इमारतींनी व्यापलेली जागा निघाली ३.९ लाख चौरस मीटरहून अधिक. हा आकडा विशेष मोठा नाही. पण उघड्या जमिनीवर इमारतींच्या अवतीभवती गाड्यांनी उकरलेली, सपाट केलेली, सामान टाकून ठेवलेली जागा मोजली तेव्हा ती निघाली ५२ लाख चौरस मीटरहून अधिक, म्हणजे घराच्या तेरापट अंगण. मोठ्या किनारी खडकाळ भागांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी माणसाची अशी काही ना काही ढवळाढवळ सापडली.

माझ्या मते या अभ्यासाचं खरं मोल आकड्यापेक्षा त्या दोन रेघा वेगळ्या करण्यात आहे. अर्ज भरताना प्रत्येक देश इमारतीचं क्षेत्रफळ लिहितो. गाडी कुठे वळते, कंटेनर कुठे पडून राहतो, ते कोण लिहिणार?

आपलंच उदाहरण घेऊ. शिर्माखर ओअ‍ॅसिस हा पूर्व अंटार्क्टिकातला सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडकाळ पट्टा, शंभराहून अधिक तळ्यांचा. १९८९ पासून मैत्री इथे उभा आहे आणि प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी वापरतो. काही किलोमीटरवर रशियाचा नोवोलाझारेवस्काया, १९६१ पासून. जवळच पूर्व जर्मनीचा गेओर्ग फोर्स्टर तळ होता. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो उतरवला, १९९६ पर्यंत जागा मोकळी केली आणि आता तिथे एक स्मृतिफलक आहे. नोवोलाझारेवस्कायाच्या बर्फाच्या धावपट्टीवर केप टाउनहून विमानं येतात आणि अनेक देशांच्या मोहिमा तिथूनच पुढे जातात. आता ठसा मोजायचा तर एकट्या मैत्रीचा मोजून काय हाती लागणार? तळ्याकाठच्या शेवाळाला कुठला धूर कुठल्या देशाचा हे कळत नाही.

छावणी जवळून

कायमचा तळ उपग्रहातून दिसतो. तंबू निघाले की मागे राहतं ते मात्र जमिनीवर उतरूनच पाहावं लागतं. त्यासाठी मॅकमर्डोच्या पलीकडच्या कोरड्या दऱ्यांसारखी दुसरी जागा नाही. तिथे बर्फ जवळपास नाही, पाऊस नाही, झाड नाही. वाऱ्यानं वरची बारीक माती उडवून नेलेली, त्यामुळे पृष्ठभागावर खड्यांची एक पातळ फरसबंदी तयार झालेली असते. तिच्यावर बूट पडला की खडे बाजूला सरकतात, खालची मऊ माती उघडी पडते आणि ती खूण दशकानुदशकं तशीच राहते. पावसानं पुसायला पाऊस हवा ना.

म्हणून तिथल्या छावणीचे नियम वाचले तर आपल्या ट्रेकर मंडळींना घाम फुटेल. तंबू आधी ठरलेल्या, पूर्वी वापरलेल्याच जागी लावायचे. वाट एकच, सगळ्यांनी तीच तुडवायची. हेलिकॉप्टर ठरलेल्या जागीच उतरणार. लघवी बाटलीत, ती बाटली पाठपिशवीत, आणि संध्याकाळी छावणीतल्या पिंपात. भांडी घासलेलं पाणीसुद्धा दुसऱ्या पिंपात. पिंप भरलं की तळावर परत. इंधन भरायचं तर खाली ट्रे ठेवून, आणि शेजारी तेल शोषणारे कापडाचे चौकोन तयार. दगड हलवला तर निघताना पुन्हा होता तिथे.

हे नियम अनुभवातून आले. याच भागात व्हांडा तळ्याकाठी न्यूझीलंडनं १९६८ मध्ये एक छोटा तळ उभारला होता. बरीच वर्षं तिथलं सांडपाणी शेजारच्या एका घळीत सोडलं जाई. पुढे तळ्याची पातळी वाढू लागली. पाणी घळीत शिरलं तर जमिनीत मुरलेलं सगळं तळ्यात जाणार हे दिसल्यावर १९९० च्या दशकात तळ उतरवला आणि दूषित माती खणून उचलून नेली. इमारती नेणं सोपं होतं. माती कुठपर्यंत खराब आहे हे ठरवणं अवघड होतं, आणि ठशाचा नकाशा लागतो तो अशाच वेळी.

तो काढतात असा. जागेवर चौकटी आखायच्या, जिथे वावर जास्त तिथे दाट, लांब जाऊ तशा विरळ. प्रत्येक चौकटीतून चमचाभर माती निरनिराळ्या खोलीवरून घ्यायची. प्रयोगशाळेत त्यात डिझेलचे अंश, शिसं, तांबं, जस्त किती आहे ते पाहायचं. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, कारण काही खडकांत मुळातच तांबं जास्त असतं. म्हणून जवळच, पण माणूस न फिरकलेल्या तशाच जागेवरची माती तुलनेला घ्यायची. त्याच्या जोडीला ठरलेल्या खुंटीवरून दरवर्षी त्याच कोनातून फोटो, सगळ्यांच्या खिशातल्या जीपीएसवरून उतरवलेल्या वाटा, आणि अलीकडे ड्रोनमधून काढलेली चित्रं. हे सगळे थर संगणकावर एकमेकांवर बसवले की कुठे रंग गडद होतो ते दिसतं.

डिझेल सांडलं तर काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे जमिनीतले जिवाणू तेल हळूहळू खाऊन टाकतात. तिथे थंडीनं त्यांचा वेग इतका मंदावतो की वर्षानुवर्षं तेल मातीत राहतं. ते खाली झिरपत जातं, पण फूटभर खाली कायम गोठलेली जमीन लागली की बहुतेक तिथे अडतं आणि आडवं पसरू लागतं. वरून डाग हातभर दिसतो, खाली तो कितीतरी मोठा असू शकतो. शिवाय काळवंडलेली माती ऊन जास्त शोषते, त्यामुळे ती अधिक खोलवर वितळते. म्हणजे वरून काढलेला फोटो इथे सरळ फसवतो.

हवेतली आणि कपड्यांतली रेघ

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळाजवळ एक पट्टा ‘स्वच्छ हवेचा विभाग’ म्हणून राखून ठेवला आहे. तिथे वारा वर्षातला बहुतेक काळ एकाच बाजूनं येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी वेधशाळा वाऱ्याच्या तोंडाला, आणि जनरेटर, गाड्या, विमानं तिच्या पाठीमागे. विभागात गाडी न्यायला बंदी. जगातली सर्वांत निर्मळ हवा मोजायला गेलेल्या माणसांनी स्वतःच्या धुरापासून लपण्यासाठी आखलेली ही सीमा! ठशाच्या नकाशाचा इतका प्रामाणिक नमुना दुसरा सापडणार नाही.

वारा धूर नेतो तिथे काजळी बर्फावर बसते. पांढऱ्या बर्फावर काळा कण म्हणजे उष्णता पकडणारं ठाणं. २०२२ मध्ये चिलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात २८ ठिकाणचं हिम तपासलं गेलं. वस्तीजवळच्या हिमात काजळी दूरच्या भागापेक्षा स्पष्टपणे जास्त होती. त्यांच्या हिशेबानं एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन हिम लवकर वितळतं. संशोधक तिथे जास्त दिवस राहतो, गाड्या, जनरेटर, विमानं वापरतो. त्याच्या वाट्याचा आकडा त्याहून कितीतरी मोठा. पर्यटकांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना हा हिशेब रुचत नाही, पण तो आहे.

तीच गोष्ट बियांची. २००७-०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला निघालेल्या लोकांचे बूट, जाकिटं, कॅमेऱ्याच्या बॅगा व्हॅक्यूमनं झटकून पाहिल्या. माणशी सरासरी ९.५ बिया मिळाल्या. त्यावरून त्या एका हंगामात सत्तर हजारांहून अधिक बिया खंडावर पोचल्या असाव्यात असा अंदाज निघाला. इथेही माणशी हिशेबात शास्त्रज्ञ पर्यटकांच्या पुढे होते, कारण तेच बूट घालून ते आधी कुठल्यातरी डोंगरावर काम करून आलेले असतात. वेल्क्रोच्या पट्टीत काय काय अडकून बसतं ते घरातल्या जुन्या सॅकवर पाहा. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या तळाजवळ पोआ अ‍ॅनुआ नावाचं परकं गवत १९८० च्या दशकात रुजलं ते असंच माणसांबरोबर येऊन. सिग्नी बेटावर तर १९६० च्या दशकात झाडं लावण्याच्या एका प्रयोगाबरोबर दक्षिण जॉर्जियातली एक पंख नसलेली चिलटाची जात आली, तगली, आणि आता तिथल्या मातीचं खतपाणीच बदलते आहे. प्रयोग कधीच संपला. तंबूंची रेघ पुसली तरी ही रेघ दरवर्षी थोडी पुढे सरकते.

उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंड या गावात भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे. हे जुनं कोळसाखाणीचं गाव. आज तिथे अनेक देशांची केंद्रं आहेत आणि तिथे वाय-फाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण दूरच्या आकाशस्थ स्रोतांचे रेडिओ संकेत टिपणाऱ्या अँटेनाला त्याचा गोंगाट होतो. ठसा असाही असतो, डोळ्याला न दिसणारा.

इंधनाची साखळी

सगळ्यात मोठी रेघ मात्र बहुतेक नकाशांवर नसतेच. छावणीतली माणसं स्टोव्हवर बर्फ वितळवून चहा करतात, तेवढं इंधन किरकोळ. तो चहा करणारा माणूस, त्याचा तंबू आणि स्टोव्हमधलं इंधनसुद्धा तिथे पोचवायला लागलेलं इंधन मोठं. लांबच्या पठारावर छावणी टाकायची तर आधी वाटेत पिंपं नेऊन ठेवावी लागतात, म्हणजे विमानाला परतताना भरता येतं. ती पिंपं नेणारं विमानही इंधन खातं. जितकं आत जावं तितकी ही साखळी लांबते. ठिकठिकाणच्या साठ्यांवर बांबूला झेंडे लावून खुणा करतात. दोन हिवाळ्यांचं हिम पडलं की झेंडा गडप आणि साठा हरवला, असंही होतं. मॅकमर्डोहून दक्षिण ध्रुवाकडे आता ट्रॅक्टरच्या तांड्यांनी मोठ्या रबरी पिशव्यांतून इंधन ओढून नेतात. त्यानं विमानाच्या बऱ्याच फेऱ्या वाचल्या. मैत्रीलाही किनाऱ्यावरच्या हिमस्तरावरून सुमारे शंभर किलोमीटर स्लेजगाड्यांचा तांडा जातो.

मग हे जहाजाचं, विमानाचं इंधन कुणाच्या खाती? एका जहाजावर तीन देशांची माणसं आणि चार प्रकल्पांचं सामान असतं. वाटणीचे नियम प्रत्येकाचे निराळे, आणि कुणालाच आपला आकडा फुगलेला नको असतो. हवामानाच्या फुग्यांचंही तसंच. कित्येक तळांवरून असे फुगे रोज सोडतात, त्यांना बांधलेलं बॅटरीवालं उपकरण दूर कुठेतरी पडतं आणि शोधायला कुणी जात नाही. विज्ञानाला ते हवंच आहे. पण तळाच्या नकाशावर तो ठिपका मला कधी दिसलेला नाही.

गाडलेले तळ

बर्फावरचा ठसा चालता असतो. १९८३-८४ मध्ये भारतानं आपला पहिला तळ दक्षिण गंगोत्री तरंगत्या हिमस्तरावर बांधला. हिम साचत गेलं, तळ गाडला गेला, १९९० मध्ये तो सोडावा लागला. असा हिमस्तर समुद्राकडे सरकतच असतो. शेवटी त्याचा तुकडा हिमनग होऊन सुटतो आणि पोटातलं सगळं पाण्यात जातं. ब्रिटनचे जुने हॅली तळ याच वाटेनं गेले. सहावा हॅली म्हणूनच त्यांनी पायांवर आणि स्कीवर बांधला आणि २०१६-१७ मध्ये भेगेपासून वाचवण्यासाठी तो अख्खा २३ किलोमीटर ओढून नेला. भारती २०१२ मध्ये १३४ कंटेनर जोडून उभारला, त्यामागेही पुढेमागे सुटा करून नेता यावा हा विचार आहे.

ग्रीनलंडमधलं कॅम्प सेंच्युरीचं प्रकरण याहून वाईट. १९५९-६० मध्ये अमेरिकी सैन्यानं बर्फाखाली बोगदे खणून ते वसवलं, बाहेर सांगायला संशोधनाचा तळ; खरा हेतू बर्फाखालून क्षेपणास्त्रं फिरवता येतील का हे पाहण्याचा. वीज छोट्या अणुभट्टीतून. १९६७ मध्ये ते सोडलं तेव्हा भट्टी आधीच हलवली होती, बाकी सगळं तिथेच, कारण बर्फ कायमचं पुरून ठेवेल असा समज. २०१६ च्या एका अभ्यासानं अंदाज बांधला: सुमारे ५५ हेक्टरांत दोन लाख लिटर डिझेल, दोन लाख चाळीस हजार लिटर सांडपाणी, शिवाय पीसीबी नावाची विषारी औद्योगिक रसायनं आणि थोडं किरणोत्सारी द्रव्य. हवामान बदलून तिथला बर्फ वितळू लागला तर हे बाहेर येणार, ही त्यांची भीती. २०२१ च्या अभ्यासानं थोडा दिलासा दिला: या शतकात तरी वितळलेलं पाणी त्या कचऱ्यापर्यंत पोचणार नाही.

कागदावरचा नियम आणि जमिनीवरची बेरीज

अंटार्क्टिकात या सगळ्याला कायद्याची चौकट आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा १९९१ चा माद्रिद करार १९९८ पासून लागू झाला. आपला भारतीय अंटार्क्टिक कायदा २०२२ चा. कुठल्याही कामाआधी परिणाम तपासायचा, तीन पायऱ्यांत. परिणाम ‘किरकोळ किंवा तात्पुरत्या’पेक्षाही कमी असेल तर काम सुरू. तेवढाच असेल तर प्राथमिक अहवाल. त्याहून जास्त असेल, नवा तळ बांधण्यासारखा, तर सविस्तर अहवाल, आणि तो सगळ्या देशांनी वाचायचा. पॅकिंगच्या थर्माकोलच्या मण्यांना बंदी. कुत्र्यांना १९९४ पासून बंदी. छावणीचा कचरा शक्य तितका परत न्यायचा. एक गमतीची तरतूद सांडपाण्याची: उन्हाळ्यात आठवड्याला साधारण तीसहून अधिक माणसं राहणाऱ्या तळानं ते समुद्रात सोडताना निदान बारीक दळून सोडावं, एवढीच किमान अट. अनेक तळ याहून पुष्कळ पुढे गेलेत, पण अट तेवढीच.

खरी अडचण त्या पायऱ्यांत आहे. एकेक छावणी सुटी पाहिली तर तिचा परिणाम बहुतेक वेळा किरकोळच भरतो, आणि तसं लिहिण्यात काही खोटंही नसतं. पण त्याच दरीत वीस वर्षांत किती छावण्या पडल्या याची बेरीज कुठल्या अर्जात करायची? करारात एकत्रित परिणाम पाहा असं म्हटलंय. पाहायला मात्र सगळ्या देशांच्या वाटा, सांडलेलं तेल, उतरलेली हेलिकॉप्टरं एका नकाशावर लागतात, आणि जुन्या नोंदी कुणाच्या डायरीत, कुणाच्या ट्रंकेत.

कचरा काढून टाकावा म्हटलं तर तेही सरळ नाही. जुना कचरा काढल्यानं अधिक नुकसान होत असेल तर तो तिथेच राहू द्यावा अशी मुभा करारात आहे, आणि ती नुसती पळवाट नाही. ऑस्ट्रेलियाच्या केसी तळाजवळ थाला खोऱ्यात जुना उकिरडा होता. दर उन्हाळ्यात वितळलेलं पाणी त्यातून वाहत शिसं, तांबं शेजारच्या खाडीत नेई. २००३-०४ मध्ये तो उचलताना आधी वाहत्या पाण्याची वाट वळवावी लागली, नाहीतर खणण्यामुळेच खाडीत जास्त विष गेलं असतं. कुठे खणायचं, किती आणि कुठे थांबायचं, हे मातीच्या नमुन्यांच्या नकाशानंच ठरवलं.

मैत्री आता जुना झालाय. त्याच भागात मैत्री-२ उभारण्याचा बेत भारतानं मे २०२४ मध्ये कोचीला भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत मांडला. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे तिथल्या तळ्यांच्या, मातीच्या, हवेच्या कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. पहिलं यंत्र उतरण्याआधी नव्या जागेची चौकटीनिशी माती, शेजारच्या रशियन तळाच्या नोंदी, गेओर्ग फोर्स्टरच्या मोकळ्या केलेल्या जागेचे आकडे आणि मैत्रीचं पस्तीस वर्षांचं अंगण हे सारं एकाच नकाशावर आलं, तर नव्या तळाचा भार पुढे मोजता येईल. एकदा बुलडोझर फिरल्यावर तुलनेला स्वच्छ माती कुठून आणणार?